चाकूला हात लावला, आबा

आबा, मी शाळा सोडली. आधी हेच सांगून टाकते, कारण मी एखादी गोष्ट फिरवून फिरवून सांगायला लागले की तुम्ही म्हणायचात, "मुद्द्यावर ये माय, माझी बिडी इझून राह्यली." तर मुद्दा हा आहे. येत्या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. आता मी जंबेरीच्या रोपांवर मोसंबीचे डोळे भरते, म्हणजे कलमं करते, तुमचंच काम, तुमच्यासारखीच उकिडवी बसून. हे ऐकून तुमच्या कपाळावर जी आठी पडेल ती मला आत्ता दिसते आहे. तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली, तरी हे लिहायला बसताना मी आधी पदर सावरला. समोर शेडनेटखाली पंधरा वाफे आहेत, दुपारचे तीन वाजलेत, बायका डबे खाऊन जरा आडव्या झाल्यात. म्हटलं, आता बोलून घ्यावं.

हिवाळा लागला की तुम्ही घरी नसायचातच. अंबडपासून जालन्यापर्यंतच्या मोसंबीवाल्यांना कलमं बांधायला तुम्ही आणि तुमचे दोस्त चाचा हीच जोडी लागायची. सायकलला पिशवी, पिशवीत चाकू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मोसंबीच्या डोळकाड्या, आणि रविवार असला की मागच्या कॅरिअरवर मी. कलम बांधायच्या पट्ट्या आई करून द्यायची. खताच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक धुऊन, वाळवून, ती चुलीपाशी घेऊन बसायची. भाकरी तव्यावर टाकली की ती भाजेपर्यंत दोन पट्ट्या कापून व्हायच्या. कधी कधी कात्रीच्या नादात भाकरी करपायची आणि तुम्ही न बोलता तीच आधी उचलायचात. ती तुम्हाला आवडते असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

वाफ्यात तुम्ही पुढे, मी मागे. तुम्ही वीतभर उंचीवर रोपाच्या सालीला चीर देता, चाकूच्या मागच्या टोकानं साल अलगद उचलता, डोळकाडीवरून मोसंबीचा एक डोळा सोलून काढता आणि आत सरकवता. तेवढ्यात मी पट्टी ओठांत धरून तयार. "खालून वर बांध. वरून बांधलं तर पाणी शिरतंय. डोळा तेवढा उघडा ठिव, त्याला बाहीर बघू दे." पुढचं रोप. पलीकडच्या ओळीत चाचा आणि त्यांची मोठी मुलगी. कुणाची ओळ आधी संपते यावर तुमची दोघांची पैज, आणि हरलात की तुम्ही दरवेळी माझ्यावर ढकलायचात, "पोरगी हळू बांधती." मी हळू बांधत नव्हते, आबा. तुम्ही मध्येच उठून दुसऱ्याच्या बागेतली खुंटाची फूट मोडायला जायचात. कलमाच्या खालून मूळ जंबेरीचा कोंब वर आलेला दिसला की तुम्हाला राहवायचंच नाही. लग्नाला गेलो तरी तुम्ही यजमानाच्या परसातल्या झाडाजवळ उभे, अंगठ्यानं फूट मोडताय, आणि आई लांबून डोळे वटारतेय.

चाकूची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मी सहावीत होते. दुपारी तुम्ही आणि चाचा चहाला बांधावर गेलात, चाकू वाफ्यातच राहिला. मी तो उचलला आणि एका रोपाला चीर दिली. छान सरळ दिली होती, अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही आलात. मला वाटलं मारता. तुम्ही चाकू काढून घेतला, धोतराला पुसला आणि म्हणालात, "पुन्हा ह्याला हात लावायचा न्हाई. मी उकिडवा बसून जन्म काढला, तू खुर्चीत बसायचं. म्याडम व्हायचं. कळलं का?" मी रडायला लागले, तर तुम्ही माझ्याकडे न बघता माझ्याच पिशवीतली पट्टी घेतलीत आणि मी चिरलेल्या त्या रोपाला, आत काही नसताना, नीट बांधून टाकलीत. मग मला बोअरवर नेऊन हात धुवायला लावले, जणू मी विटाळलेच होते. एवढा राग मला तुमचा कधी आला नाही, आणि एवढी मायाही.

म्हणून मी मॅडम झाले. बीएस्सी झाले, बीएड झाले. शाळेवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही जालन्याला गेल्तात, ते सँडल घेऊनच परत. टाचेचे! दुकानदारानं माप विचारलं तेव्हा तुम्ही खिशातून कलमाची पट्टी काढून दाखवलीत. अंगणातल्या चिखलात उमटलेलं माझं पाऊल मोजून घेतलं होतंत म्हणे. चिखलातलं पाऊल पसरट असतं हे कलमवाल्याला कळू नये? दोन बोटं मोठे होते ते. मी पुढे कापूस कोंबला आणि काळ्या मातीच्या पायवाटेनं टक् टक् करत शाळेत गेले. टक् टक् कसली, दर चार पावलांना टाच रुतायची. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून मागे, डोक्यावर मोसंब्यांची पाटी, संस्थेच्या अध्यक्षांना द्यायला. अध्यक्ष म्हणाले, "आपली शाळा सध्या विनाअनुदानित हाय, पण दोन वर्षांत अनुदान बराबर येतंय. मंग सरकारी पगार." तुम्ही हात जोडलेत. मला तेव्हाच आतून काहीतरी नको वाटलं होतं. पण तुमच्या सदऱ्याची घडी इतकी कडक होती की माझ्या तोंडून 'नाही' निघेना.

त्या दोन वर्षांची सोळा झाली. तुम्हाला सांगते, विनाअनुदानित शाळेतल्या मास्तरांसारखी आशाळभूत जमात दुसरी नाही. दर मार्चला कुणीतरी मुंबईहून बातमी आणतं, "यंदा पक्कं." आम्ही चहा पितो. जूनमध्ये कळतं, त्रुटी निघाली. मग त्रुटी दूर करायची. तपासणी आली की शेजारच्या शाळेतून ग्रंथालयाची पुस्तकं ट्रॅक्टरनं आणायची, कपाटात लावायची, साहेब गेले की परत. आमचे मुख्याध्यापक दुपारी शाळा आणि सकाळी दूध संकलन करायचे. इंग्रजीचे सर उन्हाळ्यात मंडपाची कामं घ्यायचे. मी शिकवण्या घ्यायचे, शिलाई करायचे. बाहेर मात्र मॅडम. दळण घेऊन गेले तरी गिरणीवाला उठून उभा राहायचा, "म्याडम, तुम्ही कशाला आल्या?" त्या एका शब्दावर मी किती वर्षं काढली याची आता लाज वाटते. आणि खोटं कशाला बोलू, तो शब्द गोडही लागायचा. शिकवणंही आवडायचं. मुलं आवडायची. आवडत नव्हतं ते फक्त वाट बघणं, आणि दिवसाचा बराचसा भाग तेच काम होतं.

झालं ते एका साध्या तासाला झालं. दहावीचा वर्ग, शाकीय प्रजनन, पान उलटलं तर कलम. मी एकदम खुलले. मुलांना सांगितलं, माझे वडील या भागातले नावाजलेले कलमवाले होते. फळ्यावर मोठी आकृती काढली. खुंट, चीर, आत डोळा. मागच्या बाकावर एक मुलगी आहे, तिच्या घरी रोपवाटिका. ती तोंड दाबून हसतेय. मी म्हटलं, ऊठ, काय झालं? ती उठली आणि म्हणाली, "मॅडम, डोळा उलटा काढला तुम्ही. पानाचं देठ खालून पाहिजे. असा लावला तर वाळून जाईल." सगळा वर्ग हसला. मीही हसले, पुसलं, पुन्हा काढलं. पण तास संपल्यावरही मी ती आकृती पुसली नाही. हजारो डोळे माझ्या पट्टीखालून गेले होते आणि एकाचंही डोकं कुठं नि पाय कुठं हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला फक्त बांधायला दिलं होतं. दोन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात इतकी भांडले की जेवणाची चव गेली.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी चाचांकडे गेले. अंबड रस्त्याला त्यांची छोटी रोपवाटिका आहे. तुम्ही गेल्यावर त्यांनी बागा फिरणं सोडून दिलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, चार हातांवरचं माणूस ओळखू येत नाही. मी आवाज दिला तर म्हणाले, "अरे, ही तर आमची पट्टीवाली बेटी." मी म्हटलं, चाचा, मला चाकू शिकवा. त्यांनी हातातली डोळकाडी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझ्या बापानं मला कसम घातल्ती, पोरीला चाकू देऊ नको म्हणून." मी म्हटलं, मग? तर हसले. "मंग काय, त्याला जाऊन विचारतो का आता? बस खाली." त्यांना दिसत नव्हतं, मला येत नव्हतं. अशी आमची शाळा सुरू झाली. "आँख से नक्को देख, अंगठ्यानं बघ. देठ टोचलं पाहिजे खालून. जल्दी करू नको, साल फाटंल." माझ्या हातावर ते स्वतःचा अंगठा ठेवायचे, आणि त्या अंगठ्यावर तुमच्या अंगठ्यावर होती तशीच बारीक बारीक कापल्याची नक्षी.

हिवाळाभर रविवारी गेले. पहिली शंभर रोपं मी एकटीनं भरली आणि बांधली. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. डोळा हिरवा राहिला तर लागला, काळा पडला तर गेला. काळा. काळा. काळा. शंभरातले सात हिरवे. मी तिथंच वाफ्यात बसून रडले, एक्केचाळीस वर्षांची बाई, नाक पदराला पुसत. चाचा चाचपडत आले, एकेका रोपावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सात? लई झाले की. तुझ्या बापाचे पहिल्या साली शंभरात दोन लागल्ते. आन् त्याच्यातला एक मी भरल्ता." माझं रडू जागच्या जागी थांबलं. दोन, आबा? मला तर तुम्ही सांगितलं होतंत की चाकू हातात घेतला त्याच दिवशी तुम्हाला सगळं आलं! इतकं खोटं बोलायचं पोरीशी? मला तेव्हा तुमचा जो लळा लागला तो तुम्ही असतानाही कधी लागला नव्हता.

पुढच्या शंभरात एकसष्ट लागले. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की सोमवार ते शनिवार मी रविवारची वाट बघतेय. तेव्हा राजीनामा लिहिला. लिहिला म्हणजे दिला असं नाही. तीन आठवडे तो डब्याच्या पिशवीत घेऊन शाळेत जायचे आणि घेऊन परत यायचे. त्यावर भाजीच्या तेलाचा डाग पडला, पुन्हा लिहिला, पुन्हा डाग. धाडस या विषयावर मी मुलांकडून किती निबंध लिहून घेतले असतील. माझं स्वतःचं म्हणाल तर ऑफिसचं दार दिसलं की पाय आपोआप वर्गाकडे वळायचे. घरीही सोपं नव्हतं. तुमचे जावई मेडिकलवर काम करतात, मवाळ माणूस, पण त्या दिवशी त्यांनी ताट बाजूला सारलं. "लग्नात सगळ्यांना सांगितलं होतं, बायको शिक्षिका हाय म्हणून. उद्या पोरीला बघायला पाहुणे आले तर काय सांगू? आई वाफ्यात बसती?" मी म्हटलं, हो, बसते. चार दिवस ते डबा न घेताच कामावर गेले. पाचव्या दिवशी तुमची नात अकरावीचा अर्ज भरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आईचा व्यवसाय काय लिहू?" मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं. मला वाटलं, आता हे शिक्षिका म्हणतील आणि मी उद्याही पिशवी परत घेऊन येईन. जावई बराच वेळ पेपर वाचत राहिले. मग म्हणाले, "लिही. रोपवाटिका." आणि पुन्हा पेपरात तोंड. तो पेपर आदल्या दिवशीचा होता.

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. अध्यक्ष म्हणाले, "म्याडम, सोळा वर्षं थांबल्या, आता सहा महिने थांबवत न्हाई? फाईल बिलकुल टेबलावर हाय." मी विचारलं, "कोणत्या टेबलावर, साहेब?" सोळा वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला आणि त्यांनी शिपायाला चहा सांगितला. चहा मी प्याले, आबा, पण कागद परत घेतला नाही. मुख्याध्यापक फाटकापर्यंत सोडायला आले. तेही माझ्यासारखेच, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. "बरं केलं," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत उभे राहिले. मी वळून बघितलं तर ते अजून फाटकातच. मला घरी आल्यावर आनंद होईल असं वाटलं होतं. झालं भलतंच, तापच आला. दोन दिवस पडून होते.

आता बरं चाललंय. फार मोठं काही नाही. चाचा खाटेवर बसून प्रत्येक वाफ्याला अंगठा लावतात आणि नावं ठेवतात. मागच्या बाकावरची ती मुलगी सुट्टीत येते, माझे डोळे तपासते, आणि मी तिला जीवशास्त्र शिकवते. पट्ट्या बांधायला गावातल्या चार बायका येतात. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या हातात चाकू दिला. एकजण दचकून म्हणाली, "आम्हाला कशाला, ते गड्याचं काम." मी म्हटलं, धरून तर बघा. त्यांतली एक आता माझ्यापेक्षा भरभर भरते. तुम्ही असतात तर तिला तुमच्या ओळीत घेतलं असतंत आणि चाचांना हरवलं असतंत. गुडघे दुखतात, ते तुम्ही सांगितलं होतंत तसंच. माझ्याही अंगठ्यावर नक्षी उमटायला लागलीय, रात्री भांडी घासताना झोंबते. पण सकाळी नेटमध्ये शिरल्यावर रात्रीतून फुटलेला एखादा डोळा दिसला की मी सगळ्यांना हाका मारून दाखवते, आणि बायका माझ्याकडे बघून हसतात.

जावई अजून कधी कधी विचारतात, सोडायचंच होतं तर एवढी वर्षं का थांबलीस? मी म्हणते, हिंमत नव्हती. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. पुरतं तुम्हालाच सांगायचं राहिलंय, आणि हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही म्हणून तर सांगता येतंय. जालन्याच्या दवाखान्यातला तुमचा शेवटचा आठवडा. तुम्ही दर भेटीत विचारायचात तेच विचारलंत, "आलं का अनुदान?" तुमचा हात इतका हलका झाला होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "आलं, आबा. कालच पत्र आलं." तुम्ही डोळे मोठे केलेत. म्हणालात, "वाच." तुम्हाला अक्षर येत नव्हतं. माझ्या हातात एक कागद होता, मी तो उघडला आणि वाचलं. शासन निर्णयानुसार आपल्या शाळेस मंजुरी देण्यात येत असून, असं सगळं, शाळेच्या कागदांतली भाषा मला पाठच होती. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. "पुन्हा वाच," म्हणालात. मी पुन्हा वाचलं. मग तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगितलंत, सिस्टरला सांगितलंत, मला पेढे आणायला लावलेत, आणि मी ते अख्ख्या वॉर्डात वाटले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. त्यानंतर शाळा सोडणार कशी, सांगा? थांबले तर कधीतरी अनुदान येईल आणि मी वाचलेलं खरं होईल, असं धरून बसले. ते आलं नाही, अजूनही आलेलं नाही. आणि तो कागद तुमच्या तपासणीचा होता, आबा. त्यावर तुमचं नाव होतं, वय होतं, आणि रक्तातली साखर.